पान नंबर सांगा: ऐतिहासिक प्रेमकादंबरी आणि तिचा चित्रपट यांची तुलना करायची तरी कशी

आमच्या कोथरूडच्या वाचनकट्ट्यावर वर्षातून एक-दोनदा 'कादंबरी आणि तिचा चित्रपट' असा विषय असतो. चौदा-पंधरा माणसं, चहाचा थर्मास, आणि तिसऱ्या मिनिटाला ठरलेलं वाक्य: "पुस्तकाची सर नाही हो." त्यावर दुसरं ठरलेलं: "इतिहासाची पार वाट लावलीय." दोघं एकमेकांकडे बघून माना डोलावतात. वास्तविक पहिला बोलला कादंबरीबद्दल, दुसरा पेशवे दफ्तराबद्दल, म्हणजे पेशव्यांच्या काळच्या कागदपत्रांबद्दल. एकमत नक्की कशावर झालं, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

प्रेमकथेत हा घोळ जास्त होतो. लढाईची तारीख शोधली की सापडते. दोन माणसं दार लावून काय बोलली ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ती रिकामी जागा आधी कादंबरीकार भरतो, मग चित्रपटवाले ती आपल्या पद्धतीनं पुन्हा भरतात, आणि आपण दोन्हींना इतिहास समजून भांडत बसतो.

खाली जो क्रम दिलाय तो अशा बऱ्याच फसलेल्या बैठकांतून तयार झालाय. उदाहरण म्हणून ना. सं. इनामदारांची 'राऊ' (१९७२) आणि तिच्यावर आधारलेला संजय लीला भन्साळी यांचा 'बाजीराव मस्तानी' (२०१५) ही जोडी घेतली आहे. पुण्यात दोन्हींपैकी निदान एक प्रत्येकाच्या परिचयाचं असतं, आणि ताडून बघायच्या बऱ्याच गोष्टी रिक्षाच्या अंतरावर आहेत. तुम्ही दुसरी जोडी घेतलीत तरी क्रम हाच ठेवा.

१. आधी प्रश्न ठरवा, आणि एकच ठरवा

"कोणतं जास्त चांगलं?" हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं आणि पुढचे पंधरा दिवस तुम्ही फक्त त्याला पुरावे गोळा करता.

प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर शोधायला दोन्ही बाजू उलगडाव्या लागतील. उदाहरणार्थ: बाजीरावाची पहिली बायको काशीबाई हिच्यावर अन्याय झाला हे आपल्याला कुठं, कोणाच्या तोंडून कळतं? किंवा: बाजीराव मस्तानीच्या प्रेमात पडतो तेव्हा त्याच्याभोवतीचं राजकारण किती दिसतं? किंवा: बाजीरावाची आई राधाबाई आणि भाऊ चिमाजीअप्पा यांच्या विरोधाला कारण दिलंय की नुसताच विरोध दाखवलाय?

प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मध्येच बदलावासा वाटला तर बदला, पण जुना खोडू नका. कुठं वळलात ते पुढं उपयोगी पडतं.

तपासा: तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येतंय का? येत असेल तर प्रश्न परत लिहा.

२. प्रत आणि चित्रपटाची लांबी

कादंबरी कुठलीही आवृत्ती चालेल, पण सगळ्यांनी एकच घ्या. आवृत्ती बदलली की पान क्रमांक सरकतात आणि अर्धी बैठक "माझ्यात ते डाव्या पानावर आहे" यात जाते. अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा, नाहीतर पुणे नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात विचारा. पुस्तकाला प्रस्तावना, मनोगत, परिशिष्ट असं काही असेल तर ते आधी वाचू नका. कादंबरी संपल्यावर वाचा. लेखकानं काय करायचं ठरवलं होतं हे आधी कळलं, की त्यानं प्रत्यक्षात काय केलंय ते नीट दिसत नाही.

चित्रपट १५८ मिनिटांचा आहे. टीव्हीवर लागलेला बघू नका. जाहिरातींसाठी कात्री लागलेली असते, आणि "हे तर चित्रपटात नव्हतंच" असं म्हणून तुम्ही तोंडघशी पडता. सुरुवातीच्या पाट्या पुढं पळवू नका. कथेचा आधार काय सांगितलाय, पटकथा कोणाची (इथं प्रकाश कापडिया), काय काय जबाबदारी झटकली आहे, ते सगळं तिथंच असतं.

एक सवय इथूनच लावून घ्या. "भन्साळींनी हे बदललं" असं लिहू नका, "चित्रपटात हे बदललेलं दिसतं" असं लिहा. पटकथाकारानं बदललं, संकलनात गेलं की चित्रीकरणच झालं नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं.

३. कादंबरी पेन्सिल हातात घेऊन वाचा

चित्रपट आधी पाहिला असेल (बहुतेकांनी पाहिलेला असतोच) तर वाईट वाटून घेऊ नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की मस्तानीचं नाव आलं की डोळ्यांसमोर दीपिका उभी राहणार. ते टाळता येत नाही. पण पुस्तकात तिच्या दिसण्याबद्दल प्रत्यक्ष किती शब्द आहेत त्यावर खूण करत गेलात, तर दोन्ही चेहरे हळूहळू वेगळे होतात.

समासात चारच खुणा वापरा:

घ — घटना घडली.
म — पात्राच्या मनातलं, जे मोठ्यानं बोललेलं नाही.
नि — निवेदक स्वतः काही सांगतोय, मत देतोय.
का — काळ किंवा ठिकाणाचा उल्लेख.

याहून जास्त खुणा केल्यात की तिसऱ्या प्रकरणानंतर कंटाळा येतो आणि पेन्सिल उशीखाली जाते. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर खुणा चिठ्ठीवर करा, एवढं सांगायला लागू नये.

यातली 'म' सगळ्यांत मोलाची. चित्रपटाला मन दाखवता येत नाही. तिथं चेहरा, गाणं, संवाद नाहीतर मागून येणारा आवाज यांतलं काहीतरी वापरावं लागतं. पुस्तकातली प्रत्येक 'म' पडद्यावर कशात बदलली हे शोधणं म्हणजे या कामातला निम्मा भाग.

सावधान: प्रकरणाचा सारांश लिहायला बसू नका. सारांश लिहिताना आपण नकळत आठवणीतला चित्रपट त्यात मिसळतो. माझं स्वतःचं झालंय. एकदा भर बैठकीत मी एक वाक्य कादंबरीतलं म्हणून ठणकावून सांगितलं. कोपऱ्यातल्या आजी शांतपणे म्हणाल्या, "पान नंबर सांगा." मी पानं उलटत बसले, चहा गार झाला. ते वाक्य चित्रपटातल्या एका हिंदी संवादाचं मीच मनातल्या मनात केलेलं मराठी होतं. तेव्हापासून आमच्याकडे पान नंबर नाही तर मुद्दा नाही.

४. चित्रपट दोनदा बघा

पहिल्यांदा न थांबता बघा, वही बंद ठेवून. रडू आलं तर रडा. संपल्यावर लगेच फक्त पाच ओळी लिहा: काय आठवतंय, कुठं कंटाळा आला, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली. चित्रपटाचा परिणाम जो काही आहे तो या पाच ओळींत असतो. पुन्हा पुन्हा थांबवून बघितलेल्या चित्रपटाचा परिणाम राहत नाही, नुसते तुकडे राहतात.

दुसऱ्यांदा थांबवत बघा आणि प्रत्येक प्रसंगासमोर मिनिट लिहा. इथं मिनिट म्हणजे पान नंबरच. दुसऱ्या वेळी तीन गोष्टी मुद्दाम ऐका: कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, मराठी शब्द हिंदी संवादात कुठं येतात, आणि शांतता कुठं आहे.

हाक मारण्याकडे आपलं लक्ष जात नाही, पण तिथं बरंच सापडतं. नावांपासूनच बघा. कादंबरीचं नाव 'राऊ', म्हणजे घरातलं, जवळच्या माणसाच्या तोंडचं नाव. ते नाव कोणीतरी घेतंय, असं वाटतं. चित्रपटाच्या नावात दोन माणसं शेजारी उभी केली आहेत. पहिलं पान उघडायच्या आधीच एकानं आपल्याला माणसाच्या घरात नेलं आणि दुसऱ्यानं जोडीसमोर बसवलं. या एका निरीक्षणावर आमच्याकडे एका मुलीनं दहा मिनिटं सुरेख बोलून दाखवलं होतं.

तपासा: तुमच्या वहीत पडद्यावरच्या प्रत्येक मुद्द्याला मिनिट आणि पुस्तकातल्या प्रत्येक मुद्द्याला पान आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

५. तक्ता: रकाने चार, तीन नाहीत

बहुतेक जण दोन रकाने आखतात: पुस्तक आणि चित्रपट. थोडे सावध लोक तिसरा, इतिहासाचा. चौथा आखला नाही तर तक्ता म्हणजे नुसती चुकांची यादी होते. असे आखा:

पहिला: कादंबरीत काय (पान).
दुसरा: चित्रपटात काय (मिनिट).
तिसरा: नोंद काय (पत्र, बखर, आख्यायिका, की काहीच नाही).
चौथा: या फरकामुळे वाचणाऱ्याला किंवा बघणाऱ्याला काय वेगळं वाटतं.

दोन ओळी भरून दाखवते. कादंबरीचा रकाना मुद्दाम कोरा ठेवलाय. मागे मी तो भरून दिला होता, तर निम्म्या लोकांनी पुस्तक न उघडता माझाच रकाना उतरवून आणला.

पहिली ओळ: बुंदेलखंडाची हाक. नोंदींत काय आहे? बुंदेलखंडाचा ऐंशीच्या घरातला राजा छत्रसाल मोगल सरदार मोहम्मदखान बंगशाच्या वेढ्यात अडकलेला, त्यानं बाजीरावाकडे मदत मागितली, बाजीराव १७२९ मध्ये धावून गेला. मदत मागणाऱ्या पत्रात गजेंद्रमोक्षाचा दाखला होता, अशी परंपरा सांगते. विजयानंतर राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा बाजीरावाला मिळाला. चित्रपटात मात्र मदत मागायला मस्तानी स्वतः शस्त्र घेऊन पेशव्याच्या छावणीत येते.

आता चौथा रकाना. "खोटं दाखवलंय" असं लिहून मोकळं व्हायचं नाही. पत्र पडद्यावर चालत येऊ शकत नाही, माणूस लागतो. पत्राच्या जागी मस्तानी आणल्यावर तीन गोष्टी एकदम झाल्या. नायक-नायिकेची भेट युद्धाच्या आधी आली. ती कोणाची भेटवस्तू न राहता स्वतः निर्णय घेणारी झाली. आणि म्हातारा छत्रसाल, त्याची हतबलता, तो तिसरा हिस्सा, हे सगळं मागं सरकलं. नोंदींचा क्रम आधी राजकारण, मग नातं असा आहे. पडद्यावर आधी नातं आणि त्यासाठी युद्ध. तुमचा प्रश्न राजकारणाबद्दल असेल तर हा बदल मोठा तोटा. मस्तानीबद्दल असेल तर फायदा. एकच बदल, पण निवाडा प्रश्नावर ठरतो. म्हणून तर पहिल्या टप्प्यावर एवढा जोर.

कोरा रकाना भरताना बघा: कादंबरीत ही बातमी बाजीरावापर्यंत कशी येते, किती पानं घेते, आणि मस्तानी पहिल्यांदा दिसते ते कोणाच्या नजरेतून.

दुसरी ओळ: पिंगा. यावर पुण्यात इतकं बोललं गेलंय की लोक तक्ता न भरताच बोलायला लागतात. चित्रपट यायच्या आधीच पेशव्यांच्या वंशजांनी या गाण्यावर हरकत घेतली होती. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं असं सांगितलं जातं, आणि पेशव्यांच्या घरची स्त्री अशी नाचणार नाही, हा दुसरा मुद्दा. हे दोन्ही तिसऱ्या रकान्यात लिहा आणि तिथंच थांबवा. कारण ही तुलना चित्रपट आणि इतिहास यांची झाली, कादंबरीचा अजून संबंध आलेला नाही.

चौथ्या रकान्यासाठी 'पिंगा' या शब्दाकडेच बघा. मंगळागौर जागवताना बायका झिम्मा, फुगडी, पिंगा खेळतात. घरच्या, शेजारच्या बायका, दार लोटलेलं, पुरुष माणूस आसपास नाही. कंबर वाकवून एकमेकींना चिडवत घुमायचं, दम लागला की हसत बाजूला व्हायचं. बघायला कोणी नसतंच, जी ती खेळत असते. पडद्यावर कॅमेरा आला की बघणारा आला. पावलं, पोशाख, ठेका सगळं त्या बघणाऱ्यासाठी मांडलं जातं आणि खेळाचा कल लावणीकडे झुकतो. माझ्या मते खरी अडचण ही आहे. काशीबाई नाचली की नाही यापेक्षा, बायकांचा आपसातला खेळ प्रेक्षकांसमोरचा नाच झाला आणि त्यात तिचं दुःख कुठल्या कुठं गेलं. तीच काशीबाई बाजीरावाला एकटीनं जाब विचारते तेव्हा तिच्या हाती एकही गाणं नसतं, आणि तो प्रसंग कितीतरी जड आहे.

तुम्हाला हे पटलं नाही तरी हरकत नाही. चौथा रकाना मतांचाच आहे. फक्त मत दोन मिनिटांच्या दृश्यावर उभं असू द्या, वर्तमानपत्रातल्या वादावर नको.

सावधान: तक्त्यात बारा ते पंधरा ओळी पुरेत. मुकुट, मोती, नऊवारीचा काठ यांची यादी करायला लागलात तर थांबा. आमच्या कट्ट्यावरचे एक काका सत्तेचाळीस ओळी घेऊन आले होते, त्यातल्या एकोणतीस पागोट्यांबद्दल.

६. बदलाची जात ओळखा

आता प्रत्येक ओळीसमोर एक शब्द लिहा: गाळलं, जोडलं, हलवलं, एकत्र केलं, की रूप बदललं.

गाळणं सगळ्यांत कमी महत्त्वाचं, पण लोक त्यावरच सर्वांत जास्त चिडतात. जाड कादंबरी अडीच तासांत बसवायची तर निम्म्याहून जास्त जाणारच. गेलं म्हणून तक्रार करण्यापेक्षा जे राहिलं ते का राहिलं ते विचारा. (मालिकेचं गणित उलट असतं. रणजित देसाईंच्या 'स्वामी'वर दूरदर्शनची मालिका झाली तेव्हा रमा-माधवाच्या लहानसहान प्रसंगांनाही भाग दर भाग वेळ मिळत होता. तिथं काय ताणलं ते शोधावं लागतं.)

जोडलेलं नेहमी तपासा. चित्रपटात नवीन वाटणारी गोष्ट कधीकधी कादंबरीत एका ओळीत सांगितलेली असते, तेव्हा ती जोडलेली नसते, फुगवलेली असते.

हलवलेल्यात काळ येतो. त्यासाठी वेगळ्या कागदावर एक रेघ मारा आणि तिच्यावर पक्क्या तारखा टाका: बाजीरावाचा जन्म १७००, पेशवेपद १७२०, पालखेडची लढाई १७२८, बुंदेलखंड १७२९, शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, रावेरखेडी इथं मृत्यू २८ एप्रिल १७४०. मग रेघेच्या वर कादंबरीतले प्रसंग टाका, खाली चित्रपटातले. वीस वर्षं कुठं आवळली ते लगेच दिसतं.

इथं एक गंमत आणि एक सूचना. शनिवारी पाया, शनिवारी वास्तुशांत, म्हणून शनिवारवाडा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आता आजच्या दिनदर्शिकेनं मागं जाऊन वार काढला तर दोन्ही तारखांना मंगळवार येतो! चूक कोणाची नाही. त्या तारखा इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पद्धतीनं दिलेल्या आहेत. आजच्या पद्धतीत त्या अकरा दिवस पुढं जातात आणि मग दोन्हींना शनिवार बरोबर येतो. तेव्हा दोन पुस्तकांत एकाच घटनेच्या तारखेत अकरा दिवसांचा फरक दिसला, तर लगेच कोणाला खोटं पाडू नका.

हलवण्याचं सर्वांत मोठं उदाहरण शेवटचं. बाजीराव नर्मदेकाठी तापानं गेला. मस्तानी त्यानंतर लवकरच गेली, कशानं ते वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतात. रावेरखेडी ते पुणे हे अंतर घोड्यावरच्या जासुदालाही काही दिवसांचं. चित्रपटात मात्र भ्रमिष्ट बाजीराव आणि साखळदंडातली मस्तानी यांची दृश्यं एकमेकांत विणली आहेत आणि दोघं एकाच घटकेला प्राण सोडतात. कागदावर हे जमत नाही. वाक्यामागून वाक्यच येतं, एकाचा मृत्यू आधी वाचावा लागतो. पडद्याला एकाच वेळी दोन ठिकाणी असता येतं. म्हणून कादंबरीत शेवटी बातमी पोचायला किती पानं लागतात आणि ती पानं कोणाच्या मनात घडतात, हे मोजा. तेवढ्या पानांचं काम चित्रपटानं एका जोडकामात उरकलंय. काय सुटलं? वाट बघणं सुटलं.

७. नोंदींशी ताडून बघा, पण बेतानं

तिसरा रकाना भरायला पुण्यासारखं ठिकाण नाही, आणि पुण्यातच तो सर्वांत वाईट भरला जातो, कारण इथं प्रत्येकाला सगळं माहीत असतं.

गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड आहेत. त्यातला नववा बाजीराव आणि त्याच्या कुटुंबासंबंधी. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे. सगळं वाचायची गरज नाही. तुमच्या तक्त्यातल्या दोन-तीन ओळींपुरतंच शोधा आणि शोधताना नोंदीची प्रतवारी लिहा:

- त्याच काळातलं पत्र
- नंतर लिहिलेली बखर
- लोकांत चालत आलेली आख्यायिका

मस्तानीला १७३९-४० च्या सुमारास पुण्यात कैदेत ठेवलं होतं, याला त्या काळच्या पत्रांचा आधार आहे. पान खाताना तिच्या गळ्यातून उतरणारा रस दिसायचा, ही आख्यायिका. तिच्या आई-वडलांबद्दल तर एकाहून अधिक हकिकती आहेत. कादंबरीकार आणि चित्रपटकार दोघांनीही त्यांतली एक उचललेली असते. कोणी कोणती उचलली ते लिहा. "खरी कोणती" हा तुमचा विषय नाही.

सावधान: नोंद सापडली नाही म्हणजे घडलं नाही, असं होत नाही. प्रेमाची पावती कोण ठेवतं? 'नोंद नाही' एवढंच लिहा.

दुसरी चूक याच्या उलट. कादंबरीत आहे म्हणून ते खरं, आणि चित्रपटानं ते बदललं म्हणून इतिहास बदलला, असं मानणं. आपल्या दोन पिढ्यांनी पेशवाई कादंबऱ्यांतून वाचली आहे. त्यातले संवाद आपल्याला इतके पाठ असतात की ते कल्पित आहेत याचा विसर पडतो. कट्ट्यावरच्या दहातल्या सात तक्रारी याच जातीच्या निघतात.

८. जागेवर जा, पण आता

लोक सर्वांत आधी शनिवारवाड्यावर जातात, फोटो काढतात आणि तिथं ऐकलेल्या गोष्टी तक्त्यात घालतात. तक्ता झाल्यावर जा.

वाड्याच्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. आज तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. म्हणजे चित्रपटातला लखलखता महाल सेटवरचा आणि कादंबरीतला शब्दांतला; दोन्ही बांधलेलेच. दिल्ली दरवाजातून आत जा, मग मस्तानी दरवाजा शोधा आणि जोत्यांवरून चालत अंतर पावलांनी मोजा. एका घरात राहून दोन बायकांची गाठ न पडणं कितपत शक्य होतं, याचा अंदाज पायांना येतो. मग बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तिथं दालन उभं केलंय. त्याची उंची आणि रुंदी बघा आणि पडद्यावरचा आरसेमहाल आठवा. वेळ आणि गाडी असेल तर शिरूर तालुक्यातलं पाबळ, मस्तानीची कबर. तिथं तक्त्यासाठी काही मिळणार नाही, पण मी दोनदा गेले आहे.

परत येताना मस्तानी (पुण्याचं आइस्क्रीम घातलेलं पेय) प्यायची असेल तर खुशाल प्या. तिच्या नावाची व्युत्पत्ती मात्र तक्त्यात नको.

९. मांडणी

पंधरा ओळींतल्या तीनच निवडा. तिन्ही तुमच्या पहिल्या पानावरच्या प्रश्नाला भिडल्या पाहिजेत. चमकदार पण बाजूच्या ओळी चहाच्या वेळी सांगा.

लिहिताना किंवा बोलताना क्रम असा ठेवा: प्रश्न, मग एक छोटा फरक, मग एक मोठा फरक, मग तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारं एक उदाहरण. हे चौथं बहुतेक जण गाळतात. तुम्ही म्हणत असाल की चित्रपटानं काशीबाईला गप्प केलं, तर तिला कादंबरीपेक्षा जास्त बोलू दिलंय असं एखादं तरी दृश्य शोधा आणि मांडा. मिळालं नाही तर तेही सांगा, कुठं कुठं शोधलं त्यासह.

कथा सांगू नका. समोरच्यांना बाजीराव कोण ते माहीत आहे. मुद्द्याला लागणारा प्रसंग दोन वाक्यांत सांगून पुढं जा.

"पुस्तकाची सर नाही" हे वाक्य अगदीच आवरलं नाही, तर त्याला शेपूट जोडा: कशात, कोणत्या पानावर, कोणत्या मिनिटाला. शेपूट जोडता आलं तर ते वाक्य चालेल.

आणि दहा मिनिटांचं बोलणं असेल तर घरी घड्याळ लावून एकदा वाचा. पहिल्या खेपेला ते बावीस मिनिटांचं निघतं. कापताना आधी विशेषणं जातील, मग इतिहासाची पार्श्वभूमी. पान नंबर आणि मिनिटं शेवटपर्यंत ठेवा.

शेवटची तपासणी दुसऱ्याकडून करून घ्या. चित्रपट न पाहिलेल्या आणि कादंबरीही न वाचलेल्या कोणाला तरी (आमच्या घरी हे काम सासूबाई करतात, त्या फक्त पोथ्या वाचतात) तुमच्या तीन ओळी वाचून दाखवा. "म्हणजे सिनेमावाल्यांनी असं का केलं?" असा प्रश्न त्यांनी विचारला, तर तक्ता जमला. "मग खरं काय झालं होतं?" असं विचारलं, तर तुम्ही पुन्हा तिसऱ्या रकान्यातच बसला आहात, चौथा उघडा आणि त्या ओळी परत लिहा.

तक्त्याची झेरॉक्स मात्र काढून आणा. कट्ट्यावर हातोहात फिरायला गेलेला मूळ कागद मला आजवर परत मिळालेला नाही.